करडं गंध

२९ सप्टेंबर
रुजू झालो. पहिल्याच दिवशी एक गंभीर तक्रार नोंदवणे भाग आहे: इथला चहा आचमनाच्या मापाचा असतो. बाकी झकास. शाळेने संस्कृत बंद केलं, म्हणून सव्वीस वर्षांच्या मास्तरकीनंतर मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गाळ्यात. काम सात्त्विक आहे. प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर करडा लेप असतो. तो वाळून खडखडीत झाला की स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा. गाळ्याच्या मालकीण रेवतीमॅडमनी दीक्षा दिली: काका, कडेकडून आत यायचं, मधलं शेवटी, खालचा धातू लखलखला पाहिजे. भांडुपला घरी आम्ही दोघंच, मी आणि लेक श्रुतिका. ती म्हणाली, बाबा, मी नाही तर नाही, तू तरी इंजिनिअर झालास!

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मंत्र येतात म्हणून हत्यारांची पूजा माझ्याकडे. पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांना गंध लावलं. शेवटच्या प्रोसेसरला लावताना अनामिका त्याच्यावरच्या, स्पिरिटने भिजलेल्या लेपात गेली; आणि चाळीस वर्षांची सवय, बोटाला उरलं ते मी स्वतःच्या कपाळाला लावलं. हशा पिकेल असं वाटलं. शेजारच्या टेबलावरचा केतन एरवी माझी टर उडवतो, तोही माझ्या कपाळाकडे बघत उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, आता हे तुम्ही पुसू नका. ते आम्ही बघू.

३ ऑक्टोबर
साबण, बेसन, लिंबू. निघत नाही. वाळून तडे गेलेत. ताप नाही, तरी श्रुतिकाने कपाळाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. गाळ्यात माझा चहा बंद. आज केतनने माझी खुर्ची पुसायच्या मालाच्या रांगेत नेऊन ठेवली, आणि शर्टावर नंबराची चिठ्ठी चिकटवली. हसला नाही.

६ ऑक्टोबर
न राहवून कड थोडी स्पिरिटने पुसली. निघाली! कपाळ गार. मात्र संध्याकाळी ‘राम’ शब्द चालवायला घेतला, तृतीया आठवेना. सव्वीस वर्षं शिकवली ती—

७ ऑक्टोबर
केतनने दंड धरले. मॅडमनी पुसलं. हात अगदी हलका. काका, हलू नका, धातू दिसायला लागलाय.
घरचा रस्ता विचारत आलो. आरशात कपाळाच्या कडेने चकाकतंय.
फक्त मधलं राहिलंय.

८ ऑक्टोबर
गेलो नाही. दार एका मुलीने लावून घेतलंय. मला बाबा म्हणते. रडते. नाव या वहीत सापडलं, पहिल्याच पानावर. त्या नावाने हाक मारली तर जास्तच रडली.
खाली रिक्षा थांबली. जिन्यात स्पिरिटचा वास—
दार वाजतंय. मॅडमचा आवाज, गोड. काका, थोडंच राहिलंय.
मुलगी दाराला पाठ लावून उभी आहे.
संस्कृत गेलं, जाऊ दे. मरणाचीही भीती नाही. भीती एवढीच की उद्या हे पान वाचलं, आणि श्रुतिका म्हणजे को