कपाटाची दुसरी बाजू

धाकट्या,

बाबा गेले त्या दिवशी तू आलास, सगळ्यांना हात जोडलेस आणि माझ्यासमोर येऊन म्हणालास, ‘धीर धरा. काही लागलं तर कळवा.’ अरे, मी तुझी सख्खी बहीण! पंचविशीत आमदार झालास, रोज कुणाच्या ना कुणाच्या दारी सांत्वनाला जातोस. तोंडाला सवय लागली असेल. मीही वेड्यासारखी मान डोलावली.

तर कळवते. बाबांचं लोखंडी कपाट हलवायचंय. एक बाजू मी धरेन, दुसरी तू धर. मग चहा पिऊ, भांडू, जमलं तर रडू.

पण हे पत्र टाकणार नाही. तुझ्या कार्यालयात कुणीतरी ते उघडेल आणि तासाभरात दोन माणसं दारात हजर होतील.

कपाटाला टेकून बसलेली,
तुझी ताई