काचेला न चिकटणारी पिल्लं

॥ श्री ॥
मस्तगड, जालना
१३ नोव्हेंबर २०२५

चि. चिन्मयीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे खुशाल. फोनवर तू रडलीस, मला धड बोलता आलं न्हाई, म्हणून लिहायला बसले. रत्नागिरीच्या समुद्रातली तुझी ती पिल्लं काचेच्या बशीला चिकटेनात, आणि महिनाअखेर चिकटली न्हाईत तर सर संशोधनाचं काम दुसऱ्याला देणार, एवढं कळलं. तुझ्या बाबांनी लगेच नव्या जालन्यात बियाणे कंपनीत तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवला. मी म्हटलं, इतकी जल्दी कशाला?

दत्तमहाराजांना रोज सांगून राह्यले. तू फक्त बशा स्वच्छ ठेव, दोनदा घास. आपल्या घरच्या भांड्यांना आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई.

पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
आई

रत्नागिरी
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

हसू नकोस, घोळ घासण्यातच होता! माझ्या लखलखीत बशा बघून सरांनी विचारलं, ही सवय कुणाची? तुझं नाव सांगितलं. म्हणाले, आईंना नमस्कार कळव, पण या पिल्लांना थोडी बुळबुळीत जागाच आवडते. मग बशा आठवडाभर समुद्राच्या पाण्यात तशाच ठेवल्या.

काल पिल्लं चिकटली! बेडकाच्या पिल्लासारखं शेपूट, आत कण्यासारखी बारीक दांडी, म्हणून हे आपल्या लांबच्या नात्यातलं. पोहत येतं, डोक्यानं चिकटतं आणि शेपूट आत ओढून घेतं. पुढे जन्मभर तिथंच बसून पाणी गाळून खातं. दाबलं तर पिचकारी उडवतं, म्हणून इंग्रजीत त्याला ‘सी स्क्वर्ट’ म्हणतात.

काम माझ्याकडेच राहिलं, अजून तीन वर्षं. बाबांना तूच सांग, मला धीर होत नाही.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
चिन्मयी

॥ श्री ॥
मस्तगड, जालना
५ डिसेंबर २०२५

चि. चिन्मयीस आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र देवापुढे ठेवलं, मंग वाचलं. घासू नका असं मला जन्मात कुणी म्हटलं न्हाई; पण सरांचा नमस्कार पोचला.

काल मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला बायकांना सांगितलं, की तुझी ती पिल्लं म्हणजे कणा असणाऱ्या आपल्या सगळ्यांचे लांबचे नातलग. पुष्पाबाईंनी लगेच गोत्र विचारलं. मी म्हटलं, ते आमची चिन्मयी शोधून राह्यली. त्या भरात प्रसादाला पेढे आणले. एरवी साखरफुटाण्यांवर भागवते, तुला ठाऊक आहे.

बाबांना तुझं पत्रच वाचायला दिलं. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीत गेले आणि नोकरी नको म्हणून आले. तिथल्या साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाले, आमच्या मुलीला समुद्रानं ठेवून घेतलंय.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी आई