कॅमेरा घेतला, आई!

ती. आईस, तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार.

आई, कॅमेरा घेतला! जुनाच आहे, पण माझा आहे. सोबत त्यावरचा पहिला फोटो पाठवलाय, आमच्या पार्लरच्या मॅडमचा.

मला कुणी फसवू नये म्हणून त्या दुकानात बरोबर आल्या होत्या. माझ्या ऐपतीत दोनच बसत होते. एक नवा कोरा, साध्या लेन्सचा. दुसरा वापरलेला, पण लेन्स झकास. दुकानदार नव्याचंच गुणगान गात होता. मी मॅडमना दाराशी उजेडात उभं केलं आणि दोन्हींनी फोटो काढला. नव्यात त्यांच्यामागचा पंखा, खोकी, सगळा पसारा आला. जुन्यात मागचं सगळं पुसट झालं आणि त्यांचा चेहरा तेवढा उजळला.

एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या मॅडम कॅमेऱ्यात डोकावून पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मी इतकी बरी दिसते?"

आता पार्लरच्या काचेवर नटीच्या फोटोच्या जागी त्याच झळकतायत! मेकअप झाला की गिऱ्हाइकं विचारतात, "आमचाही काढाल?" अशा नटूनथटून काढलेल्या फोटोंना इथे ग्लॅमर फोटो म्हणतात गं, भलतंसलतं मनात आणू नकोस.

जेवते वेळेवर. सुट्टीला खोलीत करमत नाही, म्हणून फोटो काढत हिंडते, एवढंच. केमिकलनं सोलवटलेले हातही भरत आलेत. बाबांचा खोकला कसा आहे? खरं सांग.

मी आले की तुला खिडकीशी बसवणार. पदरात तोंड लपवायचं नाही. तुझा एकही फोटो नाही गं माझ्याजवळ.

तुझी,
धाकटी