सुतळीचा ब्रेक

दादा,

आपली सायकल मी भंगारवाल्याला देऊन टाकली. असं काही झालेलंच नाही, सायकल जिन्याखाली उभी आहे, असं धरून पुढे वाच.

ज्याच्या हातात बिघडेल त्याने दुरुस्त करायची, हा घरचा नियम. म्हणून ब्रेकची तार तुटल्यावर तू ती गुपचूप सुतळीने बांधलीस आणि मला म्हणालास, "घेऊन जा गं, लोण्यासारखी चालते!" उतारावरून मी थेट न्हाव्याच्या दुकानात शिरले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, नंबर लावा."

त्यामुळे काल नोकरीच्या पहिल्याच दिवशी दांडी पडली. आज उशीर झाला तर काढून टाकतील, म्हणून गुडघ्याला चार टाके घेऊन लंगडत निघालेय. तुझं तोंड बघायचं नव्हतं, हेही कारण आहेच.

आईने नवी घेतली की ती थोरला म्हणून तुझी, आणि तू खिळखिळी केलीस की माझी. सबब, माझे या घरातील धाकटेपण जन्मतारखेपासून रद्द करण्यात यावे, ही विनंती.