पाण्याचं दुसरं नाव

१२ मे १९७९
पुन्हा निसटलं तोंडातून — अमान्झी! साधं पाणीच मागितलं होतं. पण आजेसासऱ्यांचं नाव मान्झेझुलू. ते कधीच वारले, तरी त्या नावातला आवाज सुनांच्या तोंडी येता कामा नये. पाणी नाही, ओलं नाही, आणि झुलू म्हणजे आभाळ, तेही नाही. झोलेका वन्संनी लगेच टोमणा मारला — "शहरच्या मास्तरणीला जीभ सांभाळता येईना गं बाई!" सासरे गोठ्यापाशी होते. ऐकलं असणार. डोक्यावरचा रुमाल भुवयांपर्यंत ओढला मी.

१३ मे
व्हुयिसिले म्हणतो, सवय होईल. नवऱ्याला काय जातंय! घरच्या लेकांना सगळे शब्द मोकळे.

२० मे
सासूबाईंबरोबर झऱ्यावर. "एमाती म्हण," म्हणाल्या. पाणी म्हणजे एमाती. ओल्याला निराळा शब्द, आभाळाला निराळा. अडतीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत! काल कोंबड्यांवरून शेजारणीशी जुंपली — शिव्या नुसत्या धबाधबा, पण मना केलेला आवाज एक नाही! मी पाच वर्षं शाळेत आमची खोसा भाषा शिकवली. या बाईपुढे माझी जीभ म्हणजे अडाणीच.
गावातल्या इतर सुनांचे शब्द मात्र वेगळे. का, विचारलं. "ज्या त्या घरची रीत," म्हणाल्या आणि हंडा उचलला.

४ जून
एकोणतीस शब्द पाठ.

२६ जून
सासूबाईंचे भाऊ आले, लेबोना. लेसोथोच्या डोंगरातून, घोड्यावर. सगळ्यांशी तिकडच्या सोथो भाषेत बोलले. मग चुलीपाशी बहिणीजवळ बसले आणि हलक्या आवाजात काही वेगळंच बोलू लागले. मी मका-चवळी ढवळत होते. एमाती! ओलं! आभाळ! — आमचेच शब्द! पण यांना कुणाचं नाव टाळायचंय?
सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हात धरून बाहेर नेलं.
"ही फुथी. माझ्या आईची बोली. नवी नवरी होते तेव्हा सगळे हसायचे, डोंगरातली गावंढळ म्हणायचे. मग नवे शब्द कशाला घडवू? आईचेच घातले. लोक म्हणाले, काय मान राखते!"
मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस पोरी. ह्यांना तर मुळीच नको. म्हणतील, जन्मभर फसवलंस."

२७ जून
दिवसभर त्यांच्याकडेच पाहतेय. सासरचा मान राखता राखता माहेर सांभाळलं या बाईनं — आणि तेही सगळ्यांसमोर!

२८ जून
लेबोना निघाले. सासऱ्यांनी घोड्याचा लगाम धरला आणि अडखळत काहीतरी म्हणाले. एमाती ऐकू आलं. सासूबाई अंगणात मटकन खाली बसल्या. अर्थ त्यांनीच सांगितला नंतर, डोळे पुसत — "नदीला पाणी आहे, जपून जा. आणि लवकर ये, हिला बोलायला कुणी नाही."
सगळं फुथीत!