इमोजीनच्या आवाजाच्या मालकीविषयी

मी, व्हर्ना ट्रूला स्टॅलर्ड, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय गाणी रचणे व गाणे, राहणार फ्राइंगपॅन क्रीक, डिकन्सन परगणा, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, पण लिहिण्याच्या कामात झडपेचा संबंध येत नाही. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. १९९४ साली नॅशव्हिलमध्ये केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द झाले असे समजावे. त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचे नाव कुठेच नव्हते, आणि सही करताना ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

१. राहते घर, मागची टेकडी व टेकडीवरची अक्रोडाची झाडे माझी भाची टोनिया हिला द्यावीत. ती बहीण इमोजीन हिची मुलगी, दवाखान्यात परिचारिका आहे. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. मात्र भिंतींवरचे माझे फोटो आधी उतरवावेत, म्हणजे गिऱ्हाईक लवकर मिळेल.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल ते गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला, नव्या पंपासाठी द्यावे.

३. गिटार वेंडेल कायझर याला. सत्तेचाळीस वर्षे तो माझ्या डाव्या हाताला उभा राहून खर्जाच्या तारांचा बास वाजवत आला आहे. त्याला गिटार येत नाही आणि माझी गिटार दुसऱ्या कोणाच्या हातात पाहणे त्याला सोसणार नाही, म्हणून ती त्यालाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. १९७९ साली तो मला म्हणाला होता, "व्हर्ना, निदान तिला विचार तरी." मी म्हणाले होते, "तू बास वाजव." त्या उत्तराबद्दल मी त्याची इथे लेखी माफी मागते. तोंडी मागायला गेले की तो ट्रकखाली शिरून काहीतरी दुरुस्त करत बसतो.

४. आता इमोजीन.

आम्ही दोघी लहानपणापासून जोडीने गात होतो. मी खालचा सूर धरायचे, ती वरचा. आमची पहिली तबकडी १९७९ साली नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित झाली. काम संपवून इमोजीन घरी परतली, मी मागे राहिले. कंपनीचा माणूस काचेपलीकडून म्हणाला, "दोन बहिणी कोणी विकत घेत नाही. एक आवाज ठेवू. तुझा." मी त्याच्याकडे विचार करायला एक दिवस मागितला, आणि संध्याकाळच्या आतच हो म्हणाले. त्यांनी टेपवरून तिचा आवाज काढून टाकला.

तिला मी हे कळवले नाही. पत्र लिहायला बसत होते, पण ते कधी पुरे झाले नाही. तबकडी बाजारात आली त्या रविवारी इमोजीनने सुक्या सफरचंदांचा सहा थरांचा केक केला, शेजारपाजाऱ्यांना बोलावले आणि सगळ्यांसमोर सुई टेकवली. 'बाबांचा डबा' हे गाणे सुरू झाले. तिची ओळ आली तिथे नुसतीच गिटार वाजली. शेजारीण म्हणाली, "अगं, तू कुठंयस यात?" इमोजीनने केकचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाढले. हे मला आईकडून कळले.

ती माझ्याशी कधी भांडली नाही. नाताळला बोलावत राहिली, आईच्या दुखण्यात माझ्या शेजारी बसली. मी समजून चालले की ती विसरली. अकरा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी ओक्लाहोमात दौऱ्यावर होते. तिथून तिला एक कार्ड पाठवले. त्यावर माझाच फोटो होता.

या वर्षी मी आणि वेंडेलने माझ्या बैठकीच्या खोलीत बसून नवा अल्बम केला. सगळी गाणी माझ्या आताच्या फाटक्या आवाजात आहेत. एका गाण्यात तर रस्त्यावरून जाणारा लाकडाचा ट्रकही ऐकू येतो. वेंडेलकडे १९७९ची एक कॅसेट निघाली. काटछाट होण्याआधीची, दोघींच्या आवाजातली. ते गाणे मी अल्बमच्या शेवटी घातले. इमोजीनला चकित करायचे, असे मनात होते.

चौदा सप्टेंबरला दुपारी अग्निशमन दलाच्या खोलीत कार्यक्रम ठेवला. बंब बाहेर अंगणात उभे केले, साठ खुर्च्या मांडल्या, माइक लावला नाही. लोकांनी जेवण आणले; इमोजीनने घेवड्याचे पातेले आणि मक्याचा पाव आणला, आणि ती चौथ्या रांगेत बसली. शेवटी मी उभी राहिले आणि तिचा आवाज कसा काढला गेला, कोणी काढू दिला, सगळे सांगितले. मग 'बाबांचा डबा' धरले आणि तिच्या ओळीपाशी थांबले.

पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "गा की गं, इमोजीन!" लोक टाळ्या वाजवू लागले. तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. फक्त एक घोगरा श्वास बाहेर आला. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग तिने तोंड मिटले आणि मांडीवरच्या रुमालाची घडी घालत बसली. टाळ्या एकेक करून थांबल्या.

मी मागच्या मोरीवर गेले, तेव्हा ती पातेले घासत होती.

"शस्त्रक्रियेत गेला," ती म्हणाली. "बोलता येतं, गाता येत नाही. टोनियाला माहितीये, चर्चमध्ये माहितीये. तू कधी विचारलं नाहीस."

"मला वाटलं, वयामुळे घसा बसलाय. इमो, मी तर तुझा मान—"

"माझा नाही, तुझा. तुला मोकळं व्हायचं होतं, त्यासाठी साठ माणसं जमवलीस. तेव्हा मला न विचारता काढलंस, आज न विचारता घातलंस."

तेव्हा मी तिला कॅसेटबद्दल सांगितले. अल्बमच्या आठशे प्रती छापून पडवीत पडल्या आहेत, हेही सांगितले. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारले, "राहू देऊ का?"

तिने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"नको," ती म्हणाली. "कॅसेटमधल्या त्या पोरीला तेव्हा ऐकायचं होतं लोकांनी. आता ती नाहीये. तिच्या नावानं टाळ्या मी घेऊ?"

दुसऱ्या दिवशी मी अल्बम काढणाऱ्या कंपनीला कळवले. ते पुष्कळ बोलले, मी ऐकून घेतले. अल्बम ते गाणे वगळून, दोन महिने उशिरा निघाला. लोकांना आवडला असे म्हणतात.

सबब, ती मूळ कॅसेट व पडवीतल्या आठशे प्रती यांची मालकी संपूर्णपणे इमोजीनकडे राहील. तिने त्या जाळाव्यात, पुराव्यात, ऐकाव्यात किंवा विकाव्यात. वेंडेलने, टोनियाने किंवा कोणत्याही कंपनीने तिला कारण विचारू नये. कॅसेट मी तिच्या हातात आधीच दिली आहे. तिने ती ऐकली की नाही हे मला माहीत नाही, आणि ती मला सांगणार नाही असे तिने स्पष्ट सांगितले आहे.

५. मला आईवडिलांशेजारी पुरावे. नॅशव्हिलहून कोणी गायला येऊ नये. माझी गाणी वाजवू नयेत. आमच्या चर्चमध्ये वाद्ये चालत नाहीत. एकजण ओळ सांगतो, बाकीचे ती मागून ओढतात. माझ्या वेळी तसे भजन म्हणावे की नाही, हे मी मंगळवारी इमोजीनलाच विचारले. ती बटाटे सोलत होती.

"आत्ता विचारायला शिकलीस होय," ती म्हणाली. "आधी मर तरी. मग बघते."

त्यामुळे हा निर्णय तिचा. ती नको म्हणाली, तर त्या दिवशी कोणीही तोंड उघडू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला व सही केली.

(सही) व्हर्ना ट्रूला स्टॅलर्ड

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळायचे नाही:
(सही) हॉबर्ट रॅसनिक, निवृत्त टपाल कर्मचारी
(सही) ल्यूएला डील, शेजारीण

फ्राइंगपॅन क्रीक, ता. ५ डिसेंबर २०२४