आज नको, सर

अण्णा, तुमच्या पणतीनं गेल्या मंगळवारी एकटीनं विमान उडवलं आणि सुखरूप खाली आणलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. मी आता दुबईत, मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये असते. त्याची ही मुलगी इथल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते.

त्याच्या आधीच्या आठवड्यात ती आली ती तडक स्वयंपाकघरात, माझ्याजवळ. इन्स्ट्रक्टर विमानातून उतरून म्हणाले होते, "यल्ला, चल, आता एकटी एक फेरी मारून ये." आणि ही म्हणाली, "नॉट टुडे, सर." मला सांगता सांगता रडायलाच लागली. "आजी, पणजोबा वॉर पायलट होते, अँड आय कुडन्ट डू वन सर्किट!" ही थाप माझीच, अण्णा. ती लहान असल्यापासून मीच तिला सांगत आले होते.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी सतरा वर्षांची, नर्सिंगचं ट्रेनिंग अर्धवट सोडून आलेली. तुम्ही स्टोव्हला पिन मारताय आणि म्हणताय, "परत जा. सुरू केलंस ते पुरं कर." मी फाडकन म्हणते, "तुम्ही तरी कुठे केलंत? लढाईला घाबरून पळून आलात!" सगळं गाव तेच म्हणायचं. तुम्ही पिन खाली ठेवलीत. आवाज न चढवता सांगितलंत, की महायुद्धात तुम्ही शिकत होतात त्या उड्डाणशाळेला पायलट तयार करायची घाई होती. थोडे तास शिकवलं की एकटं सोडायचे. तुमचे साहेब विमानातून उतरले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, माझं लँडिंग अजून तुम्हीच सावरता. आज नको." दुसरी संधी मिळालीच नाही, तुम्हाला घरी पाठवलं. "माझ्या खोलीतला मुलगा आदल्या दिवशी 'जमेल' म्हणाला होता," तुम्ही म्हणालात. "त्याचं सामान मी बांधलं."

मी परत गेले, नर्स झाले. पण तुमची माफी मागितली नाही. पुढे नातीला तुमची गोष्ट सांगताना तुम्हाला मोठ्या लढाऊ विमानात बसवून टाकलं.

त्या दिवशी मात्र तिला सगळं खरं सांगितलं. तिनं नाक पुसलं. "सो ही सेड नो टू?"

"हो. म्हणून तर मी आहे, तू आहेस."

ती हसलीच एकदम. मलाही इतकं हलकं वाटलं, की दोघींसाठी परत चहा टाकला. तिच्या इन्स्ट्रक्टरांनी तिला घरी पाठवलं नाही, अण्णा. आणखी चार दिवस शेजारी बसून शिकवलं. मंगळवारी तीच म्हणाली, "आज जाते."

मीही गेले होते, कुंपणाशी उभी होते. ती धावत आली, घामाघूम. "आजी, डिड यू सी माय लँडिंग?"

"पाहिलं ना. किती अलगद उतरवलंस!"

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून इथे लिहिते. विमान खाली यायला लागल्यावर मी डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा ते जमिनीवर होतं.